भातवाल्या बाई

सुर्वे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना होता आणि त्यांच्या डोक्याला माकडटोपी होती. रत्नागिरीचा मे. माझा शर्ट पाठीला चिकटून बसलेला, आवारातली कुत्री नळाखालच्या ओल्यात जाऊन पडलेली, आणि समोरून एक ठेंगणी, सावळी बाई लोकरीचा स्वेटर, माकडटोपी आणि पायात मोजे अशा थाटात चहाच्या टपरीकडे चाललेली. मी त्याच दिवशी घाटावरून बदली होऊन भात संशोधन केंद्रात रुजू झालो होतो. बाईंना हिवताप असावा असं समजून मी टपरीवाल्याकडे चौकशी केली.

"ताप नाय हो," तो म्हणाला, "त्या भातवाल्या बाई. आता गारातनं भायेर आल्यात."

गार म्हणजे आमची थंड खोली. कोकणातल्या गावोगावच्या जुन्या भातांचं बी तिथे चांदीसारख्या चकचकीत पाकिटांत बंद करून ठेवलेलं असतं. सरकारी भाषेत तिला जनुकपेढी म्हणतात. ज्या गावांनी ही भातं पेरायची सोडून दिली, त्या गावांतही आता न सापडणारी वाणं त्या कपाटांतून निवांत पडून असतात. मॅडमचा निम्मा दिवस त्या खोलीत जायचा आणि उरलेला निम्मा अंगातली थंडी घालवण्यात. चहा त्या उन्हात उभ्या राहून प्यायच्या. नवा माणूस दचकला की त्यांना भारी मजा वाटे.

मी पडलो ज्वारीचा माणूस. आमच्याकडे भात फक्त ताटात दिसतो, तोही चार घास, शेवटाला. इथे शेतात उभा असतो तोही भात आणि शिजतो तोही भातच, हे अंगवळणी पडायलाच मला एक पावसाळा लागला. पहिल्या आठवड्यात मॅडमनी विचारलं, "घरी भात कधी खाता?" मी खरं ते सांगितलं, "आजारी पडल्यावर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बदलीचा हुकूम चुकून निघाला असणार अशी त्यांची खात्रीच झाली असावी. रविवारी त्यांनी मला मांडवीला आपल्या घरी जेवायला बोलावलं.

आत चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं. वासानेच जीव अर्धा झाला होता. माझ्यापुढे मात्र तीन वाट्या आल्या, तिन्हींत नुसता पांढरा भात. आमटी नाही, मीठसुद्धा नाही.

"खा आणि फरक सांगा. मग मासा."

मी तिन्ही चाखले आणि म्हणालो, "सारखेच आहेत."

"परत खा."

परत खाल्ले. भूक लागलेल्या माणसाची जीभ हळूहळू शुद्धीवर येते, हे मॅडमना पक्कं ठाऊक असावं. मी चाचरत म्हणालो, एकाला वास आहे, दुसरा बोटाला चिकटतो, तिसरा जरा जाडाभरडा आहे पण दोन घासांतच पोटाला आधार वाटतो. मॅडमनी मांडीवर थाप मारली. "तो नांगरणीच्या माणसांचा भात! सकाळी खाल्ला की दुपारपर्यंत बैलामागे चालायला त्रास नाही. घाटावरच्या, तुमचं काहीतरी होईल." मग मासा आला. मी त्या घरात पुढे कितीतरी वेळा जेवलो, पण मासा मिळवण्यासाठी इतके कष्ट परत कधी पडले नाहीत.

बी ठेवायचं म्हणजे शीतकपाटात डबा ठेवल्यासारखं असेल, अशी माझी समजूत होती. मॅडमनी ती महिनाभरात मोडून काढली. आलेलं भात आधी निवडायचं, मग कोरड्या गार हवेत हळूहळू सुकवायचं. उन्हात टाकलेलं त्यांना मुळीच खपत नसे. "चटका बसला की बी आतून म्हातारं होतं," म्हणायच्या. पुरेसं सुकलं की नाही हे सांगणारं यंत्र होतं आमच्याकडे. मॅडम आधी एक दाणा पुढच्या दातांत धरून फोडायच्या, आवाज ऐकायच्या, मग यंत्राकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर दाखवतंय." म्हणजे प्रमाणपत्र यंत्राला मिळायचं.

मग प्रत्येक वाणाचे दोन वाटे व्हायचे. एक राखणीचा, त्याला हात लावायचा नाही. दुसरा देण्याचा. शास्त्रज्ञ येवोत, कॉलेजची पोरं येवोत, नाहीतर डोंगरातला शेतकरी येवो, मागेल त्याला त्यातलं थोडं द्यायचं. अधूनमधून दोन्ही वाट्यांतले दाणे ओल्या कागदावर मांडून उगवण पाहायची. मॅडम त्याला हजेरी म्हणत. हजेरीच्या सकाळी त्यांचं पहिलं वाक्य असे, "उठले का सगळे?" जे दाणे उगवले नसत त्यांना त्या लगेच मेलेले धरत नसत. "झोपाळू असतील, राहू दे दोन दिवस." मात्र एखाद्या वाणाची हजेरी घसरायला लागली की त्यांचं जेवणावरचं लक्ष उडायचं. कारण मग ते बी पेरून, नवं पीक घेऊन, नव्या दाण्यांनी पाकीट भरणं भाग असतं. खोली कितीही गार ठेवली तरी तिथलं बी अमर नसतं.

ठेवायला त्या महाकंजूष आणि द्यायला उधळ्या. बी फुकट द्यायच्या, पण एका अटीवर. पेरल्यावर कसं आलं ते पुढच्या वर्षी येऊन सांगायचं, बरं असो की वाईट. लोक नेण्यापुरते यायचे आणि गडप व्हायचे. मग मॅडम त्यांना भर बाजारात गाठायच्या. "काय हो, माझ्या भाताचं काय केलंत?" मासळी बाजारात त्यांना लांबून बघून भली भली माणसं सुरमईच्या टोपल्या सोडून दुसऱ्या बोळात वळलेली मी पाहिली आहेत. एक हेडमास्तर तर पापलेट हातात घेऊन पळाले होते आणि कोळीण त्यांच्यामागे.

देवरूखकडच्या एका लग्नाची गोष्ट आमच्या केंद्रात अजून सांगतात. मी साक्षीदार आहे. नवी नवरी उंबरठ्यावरचं माप पायाने लवंडून घरात येते, त्या मापात बहुतेक घरी तांदूळ असतात. या घरात सालासकट भात भरायची रीत होती. नवरीने माप लवंडलं, भात ओटीभर पसरलं, वाजंत्री वाजायला लागली, आणि एकाएकी वरमाई किंचाळली. सुर्वे मॅडम भरजरी साडीत गुडघ्यांवर बसून, नवरीच्या पावलांभोवतीचे दाणे टिपत होत्या.

"अवो, लक्ष्मी हाय ती! वेचताव काय?"

"लक्ष्मीच आहे, म्हणूनच वेचतेय," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "हे एवढं लांब कुसळाचं भात तुमच्याकडे आलं कुठनं?"

लग्नघरात हसू फुटलं. पुढचा अर्धा तास वरमाई, तिची सासू आणि मॅडम माजघरात बसून त्या भाताची कुळकथा लावत होत्या आणि नवराबायको बाहेर पाटावर ताटकळत होते. ते भात त्या घराने नुसतं शुभकार्यापुरतं, एका कोपऱ्यात जपलं होतं. आज ते आमच्या कपाटात आहे. त्या घरच्या प्रत्येक बारशाला मॅडमना आमंत्रण असे, फक्त जाताना रिकामे हात दाखवून जायची अट होती.

पण मला मॅडम कळल्या त्या तांबड्या खाजणीच्या वेळी.

भाट्याच्या खाडीने आत गेलं की एक लहानशी वाडी लागते. एका वर्षी उधाणाच्या भरतीने तिथल्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतांत घुसून बसलं. गावाने बांध पुन्हा घातला, पण जमीन खारवली ती खारवलीच. बाजारातलं सुधारित भात लावलं, ते हातभर वाढून करपलं. दुसऱ्या वर्षीही तेच. तरणे लोक आधीच मुंबईला होते, उरलेलेही निघायच्या बेतात होते. तेव्हा तिथला मनोहर नावाचा शेतकरी केंद्रात आला. पन्नाशीचा, अबोल माणूस. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "आमच्या बापसाच्या येळला एक तांबडं भात व्हतं. खाऱ्यात यायचं. तुमच्याकडं हाय काय?"

मॅडम उठून थेट गारात गेल्या, स्वेटर न घालता. नोकरीला लागल्या तेव्हाच त्यांनी त्या वाडीतून ते गोळा केलं होतं. खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं, आणि तांबड्या दाण्याचं, म्हणून तांबडी खाजणी. त्या वाडीत ते नंतर कुणी लावलं नाही, आणि दुसरीकडे कुठे ते असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या केंद्राच्या गोड्या पाण्यात ते नुसतं उंच वाढून आडवं पडायचं, दाणा नावाला धरायचं. त्यामुळे पाकीट कधी भरलंच नाही, दिल्लीच्या मोठ्या पेढीत एक वाटा पाठवतात तोही पाठवण्याइतका कधी झाला नाही. हजेरी घेतली तर निम्मेसुद्धा उठले नाहीत. यंदा ते खाऱ्या जमिनीत पडून पिकलं नाही, तर पुढे पेरायला जिवंत दाणा राहणार नव्हता. आणि त्या पावसाळ्यानंतर मॅडम निवृत्त होणार होत्या. नंतर कोण यासाठी धावणार, हे त्या बोलल्या नाहीत, पण आम्हाला दिसत होतं.

देण्याचा वाटा जेमतेम ओंजळभर होता. त्याचे भाग करण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी तो सगळा मनोहरच्या हातावर ठेवला, तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, कसा करायचा ते समजावून सांगितलं, आणि तो गेल्यावर बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.

पाऊस लागून रोपं वर आली असतील अशा बेताने आम्ही वाडीत गेलो. मनोहर आम्हाला बघून गोठ्याच्या मागे गेला तो आलाच नाही. त्याची आई, भागीरथीकाकी, पडवीत तान्ह्या पणतीला मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती. मॅडमनी विचारलं, "काकी, तरवा कुठे केलाय?"

"कसला तरवा?" म्हातारी म्हणाली. "ता मी रांधलं."

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.

"नातसून बाळंत झाली," काकी पोरीच्या पायाला तेल चोळत सांगत होती. "आमच्या घरात पयली पेज त्याच भाताची द्यायची. माज्या सासूनं मना दिली, मी सुनंला दिली. मंग ता भातच गेलं. आन् आता बाळंतीण घरात, आन् त्याच येळला ता दारात चालत आलं! कांडलं, पेज केली, तिला पाजली."

मी भडकलो. एवढी वर्षं सांभाळलेलं शेवटचं बी, गावासाठी दिलेलं, आणि तुम्ही शिजवून खाल्लंत, असं काहीतरी मी तावातावाने बोलायला लागलो. काकी जरासुद्धा ओशाळली नाही. "बाळंतीण घरात असता बी राखून ठेवू? मंग बी ठेवायचं कशाला गो बाय?" हा प्रश्न तिने मला नाही, मॅडमना विचारला.

मॅडमनी मला हाताने गप्प केलं. त्या पडवीच्या कडेला टेकल्या आणि आत दाराआड उभ्या असलेल्या बाळंतिणीला हाक मारली. "इकडे ये गो. पेज कशी लागली तुला?"

मुलगी लाजत म्हणाली, "गोड होती. साखर नव्हती, तरी गोड."

"वास?"

"व्हता. पावसात माती भिजते ना, तसा. वाईच."

मॅडम स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाल्या, "नोकरीभर मी ते गारात ठेवलं. मला त्याची चव माहीत नव्हती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. उठताना त्यांनी तान्ह्या पोरीचं नाव विचारलं आणि तिच्या टाळूवर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर मी मनोहरला आणि त्या म्हातारीला मनसोक्त शिव्या घातल्या. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. केंद्रावर पोचताच त्या सरळ साहेबांकडे गेल्या आणि राखणीचं पाकीट उघडायची परवानगी मागितली. साहेब माणूस वाईट नव्हते, नियमाचे होते. "मॅडम, त्यांनी एकदा खाल्लंय. परत त्यांनाच देणार?"

"खाल्लं म्हणूनच देणार. आपण ते नुसतं ओळखतो हो. त्या बाईला ते हवंय."

"आणि पुन्हा खाल्लं तर?"

"तर मी जबाबदार. तसं लिहून घ्या."

साहेबांनी ओठ आवळून सही केली. पाकिटातले चिमूटभर दाणे आत ठेवून मॅडमनी बाकीचे बाहेर काढले. ओल्या फडक्यात बांधून मोड आणले, आणि मोड आलेलं ते बी घेऊन आम्ही पुन्हा वाडीत गेलो. या वेळी त्यांनी ते मनोहरच्या हातात दिलंच नाही. काकीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "काकी, हे सगळं उरलंसुरलं बी. एवढंच आहे. तुमच्या पणतीच्या बाळंतपणाला पेज हवी असेल तर हे वाढवा."

काकीने फडकं उलगडून बघितलं. मोड आलेल्या दाण्यांवरून तिने बोट फिरवलं, न टोचेल असं. "आता नाय रांधायची," ती म्हणाली. "आता ती लेकरावानी झाली."

उशीर झाला होता, पण पाऊस आमच्या बाजूने होता. काकीने परसात, कोंबड्या शिरू नयेत म्हणून चारी बाजूंनी काट्यांची शिरडं लावून तरवा केला आणि स्वतः दिवसभर काठी घेऊन बसली. लावणीला मॅडम होत्या. एकेक काडी वेगळी, लांब लांब. शेजारच्या बायका हसत होत्या, एवढ्याशा रोपांना एवढी जागा! श्रावणात एकदा भरती बांधावरून उसळली, खारं पाणी कोपऱ्यात शिरलं. शेजारच्या तुकड्यातलं बाजारचं भात पिवळं पडलं. खाजणीची पातीही टोकाला करपली, आणि आठ दिवसांत तिने नवी हिरवी पाती काढली. मनोहर ते सांगायला पायी केंद्रापर्यंत आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकून बसला.

कापणीला सगळी वाडी आली होती, आणि मॅडमच्या नोकरीचे शेवटचे दिवस चालले होते. ड्रायव्हर रजेवर, म्हणून जीप मीच घेऊन गेलो. लाल लोंब्या वाकल्या होत्या. पीक म्हणावं तर थोडंच, झोडून पाखडल्यावर काही सुपं भरली. पण बी म्हणून ते पुष्कळ होतं. मॅडम बांधावर बसल्या आणि वाडीतल्या घराघरातल्या बायका सूप, टोपली, कुणी नुसताच पदर घेऊन पुढे आल्या. मॅडम ओंजळीने घालत होत्या. प्रत्येकीला एकच अट सांगत होत्या, पुढच्या वर्षी कसं आलं ते केंद्रावर येऊन सांगायचं.

त्यांनी आम्हाला जन्मभर पढवलेलं होतं की आधी पेढीचा वाटा काढायचा, मग बाकीचं. त्या दिवशी देता देता सूप रिकामं झालं. मी हळूच म्हणालो, "मॅडम, आपला वाटा?"

मॅडमनी सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या खरंच विसरल्या होत्या, का रांगेतल्या शेवटच्या बाईला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्याने झालं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

काकी आपलं सूप घेऊन उठली. मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पदर धर गो बाय."

मॅडम मागे सरल्या. त्यांच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळदीकुंकवाला, ओटीला त्यांना कुणी बोलवत नसे, आणि त्याही तिथे जात नसत. "काकी, मला नका. मला चालत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"कोन म्हनतं चालत नाय? एवडी वर्षं पोटाशी धरून बसलीस ना त्याला? मंग ओटी कुनाची भरू?" काकीने स्वतःच त्यांचा पदर ओढून पसरला आणि आपल्या वाट्यातलं भात ओंजळीने त्यात घालायला लागली. "ठेव गारात. परत कदी बुडालो तर मागायला येऊ."

बायांपैकी कुणीतरी आणखी एक ओंजळ घातली. मग दुसरीने घातली. मॅडम दोन्ही हातांनी पदर धरून उभ्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी मला घाटावर प्रशिक्षणाला जावं लागलं, आणि परत येईपर्यंत त्या नाशिकला मुलीकडे गेल्या होत्या. फोन येतो अधूनमधून, बोलणं सगळं भाताचंच असतं. हे वाचून त्या चुका काढतील याची मला खात्री आहे. जेवताना मी आता आधी एक शीत नुसतं खातो. माझी बायको हसते. जे काही मला या जिल्ह्यात कळलं ते या बाईंनी दिलेलं आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या संध्याकाळी बांधावरून जीपपर्यंत त्या एकेक पाऊल टाकत आल्या, एकही दाणा सांडू न देता. मी कापडी पिशवी उघडून पुढे केली.

"मॅडम, ह्यात ओता. केंद्र लांब आहे."

"ओटीतलं वाटेत ओतत नाहीत," त्या म्हणाल्या आणि पदर पोटाशी धरून तशाच मागच्या सीटवर बसल्या. "चला. खड्डे सांभाळून."

भाट्याच्या पुलावर माझ्यामागे गाड्यांची रांग लागली होती, सगळे हॉर्न मारत होते. मी जीप दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली.